गार्डची पारख : वऱ्हाडातल्या व्यायामशाळेपासून बास्केटबॉलच्या मैदानापर्यंत

बास्केटबॉलमध्ये गार्ड हा संघाचा चालक असतो. आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू पुढे आणायचा, समोरच्या बचावाची मांडणी पाहायची आणि पास कोणाला, केव्हा, कुठल्या बाजूने द्यायचा हे ठरवायचे, हे त्याचे काम. उंच मुलगा गर्दीतही दिसतो आणि वेगवान मुलगा घड्याळात सापडतो. पाहून ठरवणारा मुलगा ओळखायला मात्र वेळ लागतो. वऱ्हाडात मुलांची खेळासाठी पारख करण्याची रीत बास्केटबॉल इथे रुजण्याच्या आधीपासून होती. त्या रीतीत काय होते, पुढे टेप आणि स्टॉपवॉच आल्यावर तिच्यातले काय टिकले आणि काय सुटले, हे पाहिल्याशिवाय आजच्या निवड चाचण्यांचे गुणदोष नीट कळत नाहीत.

या भागातला व्यायामाचा संघटित इतिहास अमरावतीपासून सुरू होतो. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी तिथे हनुमान क्लबाची स्थापना केली. पुढे हाच क्लब श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नावाजला. तपोवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचाही मंडळाच्या कामात मोठा वाटा होता. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावचे शाळामास्तर इथे येत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती आणि देशी मैदानी खेळ शिकत आणि जूनमध्ये शाळा भरली की तेच पोरांना शिकवत. वऱ्हाडच्या खेड्यांत मैदानी खेळांना शिस्त आली ती बऱ्याच अंशी या मास्तरांमुळे.

आखाड्यातल्या वस्तादाची पारख नजरेची होती. नवा मुलगा आला की आधी अंगकाठी पाहायची, मग चार-सहा दिवस जोर-बैठका काढायला लावून दमसास बघायचा, मग मल्लखांबावर पकड. पडल्यावर पोरगा रडत बसतो की उठून पुन्हा चढतो, हेही पाहिले जाई. ‘पोट्टं भल्लं चपळ हाये’ एवढाच निकाल तोंडी लागे. लिहून कोणी ठेवत नसे. या पारखीची ताकद म्हणजे तिला घाई नव्हती. वस्ताद मुलाला महिनोन्महिने रोज पाहत असे, दमलेला असताना पाहत असे, हरल्यावर पाहत असे. दोषही उघड होता. सगळे एका माणसाच्या नजरेवर अवलंबून असे आणि ती नजर बहुधा भरल्या अंगाच्या मुलाकडे आधी वळे.

खेळ रचण्याचे कौशल्य आखाड्यापेक्षा मैदानात जास्त दिसे, आणि त्यातही खो-खोत. १९१४च्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. १९३०च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खो आणि आट्यापाट्या यांची नियमावली छापली. खो-खोचा मूळ नियम बारकाईने पाहण्याजोगा आहे. मधल्या पाटीत आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही वळतो. म्हणून पाठलाग दुसऱ्या बाजूला न्यायचा तर त्या बाजूला तोंड केलेल्या गड्याला खो द्यावा लागतो. खो एक पाऊल लवकर दिला तर पळणाऱ्याला वाट मिळते, उशिरा दिला तर तो निघून गेलेला असतो. कोणाला, केव्हा, कुठल्या बाजूने, हे तिन्ही प्रश्न गार्डपुढचेच आहेत. फरक इतकाच, की इथे हातात चेंडू नसतो.

आट्यापाट्यांत याच कौशल्याची दुसरी बाजू दिसते. पाटीवर उभा असलेला गडी वाट अडवतो, तर उभ्या मधल्या पाटीवरचा सूर मागून-पुढून धावत येतो. त्यांच्यामधून निसटायचे म्हणजे खांदा एकीकडे टाकून पाय दुसरीकडे न्यायचा. या हुलकावणीत वेगापेक्षा समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते पाहणे महत्त्वाचे. बचावपटूला चकवून रिंगाकडे घुसणारा गार्ड हेच करतो. वऱ्हाडातले खेळाडू बास्केटबॉलकडे वळले तेव्हा त्यांच्या अंगात हे शिक्षण आधीच मुरलेले होते. या खेळाच्या प्रशिक्षणात त्याचा हिशेब फारसा कोणी धरला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बास्केटबॉलचा जन्म १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. तिथल्या वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून पहिला सामना नऊ-नऊ जणांचा झाला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या होत्या. कठडा दहा फुटांवर होता, आणि रिंगाची उंची आजही तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे. नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. त्यांतल्या एका नियमाप्रमाणे चेंडू हातात घेऊन धावायला मनाई होती. तो जिथे झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे हा खेळ जन्मला तेव्हा त्यात ड्रिबल नव्हता, नुसता पास होता. अडचणीत सापडलेला खेळाडू चेंडू जमिनीवर आपटून स्वतःच पुन्हा पकडू लागला आणि त्यातून ड्रिबल निघाला. सुरुवातीची बरीच वर्षे त्याच्यावर बंधनेही होती. आज शाळकरी मुले ड्रिबलपासून सुरुवात करतात आणि पास मागाहून शिकतात. खेळाच्या स्वतःच्या वाढीचा क्रम याच्या उलटा आहे.

‘गार्ड’ या शब्दाचा अर्थही बदलत गेला. आरंभी गार्ड म्हणजे आपल्या टोपलीजवळ थांबून राखण करणारा. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू होई, त्यामुळे उंच मध्यखेळाडूला महत्त्व होते. १९३७ साली अमेरिकेत ही पद्धत बंद झाली. ज्याच्यावर गोल झाला तो संघ आपल्या टोकाच्या रेषेबाहेरून चेंडू आत घेऊ लागला आणि तो पुढे नेण्याची जबाबदारी मागे असलेल्या गार्डवर आली. नंतर वेळेची मर्यादा आली. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९५४ पासून २४ सेकंदांत फेक करणे बंधनकारक झाले. आंतरराष्ट्रीय खेळात १९५६ साली ही मर्यादा ३० सेकंदांची होती, २००० पासून तीही २४ सेकंदांवर आली. राखणदाराचा असा चालक झाला आणि ठरवण्यासाठी त्याच्या हाती मोजके सेकंद उरले. बोस्टन संघाच्या बॉब कूझी याने १९५०च्या दशकात या भूमिकेला रूप दिले. उंची तिला आड येत नाही, हे पुढे मग्सी बोग्सने दाखवले. पाच फूट तीन इंचांचा हा गार्ड १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षे त्या स्पर्धेत खेळला.

१९३६च्या उन्हाळ्यात वऱ्हाडातला व्यायाम आणि बास्केटबॉल हे दोन्ही प्रवाह एका शहरात होते. बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा पदकाच्या खेळांत प्रथमच समावेश झाला. सामने उघड्यावर, मातीच्या टेनिस मैदानांवर खेळवले गेले. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस आला. ओल्या मातीत चेंडू उसळेना, ड्रिबल जवळपास अशक्य झाला आणि पासवरच खेळ रेटावा लागला. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. वृद्ध नेस्मिथ त्या ऑलिम्पिकला हजर होते. त्याच निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनमध्ये हुतूतू आणि इतर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवत होते. १९४९ साली स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवातही मंडळाने भाग घेतला. वऱ्हाडातल्या व्यायामशिक्षकांना जगाचे मैदान स्वातंत्र्याच्या आसपासच परिचयाचे झालेले होते.

भारतात बास्केटबॉल आला तो वाय.एम.सी.ए.च्या मार्गाने. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिथे शिकलेले शिक्षक देशभर गेले आणि त्यांच्याबरोबर हा खेळही गेला. १९३४ साली दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात या खेळाचे खरे माहेर म्हणजे मुंबईतली नागपाडा ही दाट वस्ती. क्लिफर्ड मॅनशार्ट या मिशनरी समाजसेवकाने १९२०च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाउस उभारले. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही १९३६ साली त्याच इमारतीत झाली. जागा तोकडी, मुले भरपूर, त्यामुळे एका रिंगाखाली सतत खेळ चाले. अशा गर्दीत चेंडू राखायचा तर हात आणि डोळे दोन्ही तल्लख लागतात. अब्बास मुंतसिर याच नागपाड्यातले. त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळला आहे, १९८० साली मॉस्कोत, आणि बारा संघांत बारावा आला. अलीकडे पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

अमरावतीत पारखीला शास्त्राची जोड मिळाली ती १९६७ नंतर. त्या वर्षी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. देशभरच्या अशा महाविद्यालयांत ‘चाचणी व मापन’ हा विषय शिकवला जातो आणि त्यात बास्केटबॉलच्या ठरावीक चाचण्या येतात. सर्वांत जुन्यांपैकी एक १९३४ची जॉन्सन चाचणी: तीस सेकंदांत किती गोल, भिंतीवरच्या लक्ष्यावर किती अचूक फेक आणि अडथळ्यांमधून तीस सेकंदांत किती ड्रिबल. १९८४ साली अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेने फेक, पास, नियंत्रित ड्रिबल आणि बचावातली हालचाल अशा चार चाचण्यांचा संच ठरवला. भारतातले अनेक विद्यार्थी आजही त्याच्यावर प्रबंध लिहितात.

या सगळ्यांत १९४७च्या नॉक्स चाचणीतला एक प्रकार वेगळा आहे. समोर तीन रंगांचे तीन पेले ठेवतात. खेळाडू हातात नाणे घेऊन धावत निघतो. ठरलेली रेषा ओलांडताच परीक्षक एका रंगाचे नाव उच्चारतो आणि त्याच रंगाच्या पेल्यात नाणे टाकायचे असते. वेळ मोजली जाते. एरवीच्या चाचण्यांत काय करायचे हे मुलाला आधीच ठाऊक असते. इथे ते धावता धावता कळते आणि पाय न थांबवता दिशा बदलावी लागते. गार्डच्या कामाच्या इतकी जवळ जाणारी दुसरी जुनी चाचणी नाही. तरीही ती अर्धीच म्हणावी लागेल. रंग परीक्षक सांगतो. सामन्यात मोकळा साथीदार कोणता हे सांगायला कोणी नसते.

सरकारी पातळीवर पाटियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ साली उभे राहिले. महाराष्ट्राने १९९६ साली क्रीडा प्रबोधिनी योजना सुरू केली. कमी वयाची मुले निवडून त्यांच्या निवासाची, शिक्षणाची आणि सरावाची सोय एकत्र करायची, असा तिचा हेतू. अमरावती आणि अकोला इथेही तिची केंद्रे झाली. निवडीसाठी उंची, वजन, ३० मीटर धाव, १० मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, उभी लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसीन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकता आणि ८०० मीटर धाव असा चाचण्यांचा संच घेतात. खेड्यातल्या मुलासाठी ही पद्धत मोठी न्याय्य ठरली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. टेप कोणाची ओळख पाहत नाही, घड्याळाला आडनाव कळत नाही. पण या यादीत दुसऱ्या खेळाडूकडे पाहायला लावणारी एकही चाचणी नाही. मुलगा एकटाच धावतो, एकटाच उडी मारतो. पायांत आणि खांद्यांत काय आहे ते मोजले जाते. डोळ्यांनी काय टिपले ते मोजले जात नाही. भालाफेक किंवा धनुर्विद्येसाठी याने फारसे बिघडत नाही, गार्डच्या निवडीत मात्र नेमके हेच निसटते.

उंचीचा मोह तर देशभर आहे. सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ साली अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. मध्यखेळाडू शोधताना उंची पाहणे योग्यच. पण चौदा वर्षांखालील मुलांत उंची फसवी असते. मुली साधारण बाराव्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढतात, आणि एकाच वर्गातल्या दोघांच्या वाढीत दोन-दोन वर्षांचे अंतर पडू शकते. शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी अंगाच्या जोरावर जिंकतो, त्याला पाहून ठरवण्याची गरजच पडत नाही. मागे पडलेला लहानखुरा मुलगा टिकण्यासाठी डोके वापरायला शिकतो. पण तोवर निवड होऊन गेलेली असते.

याबाबत सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट शहाणे म्हणायला हवे. वरुड तालुक्यातले हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. रोपवाटिकेत जंबेरीचे बी टाकून रोपे करतात आणि खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. त्याआधी वाफ्यावर एक निवड होते. जंबेरीच्या एका बीतून एकाहून जास्त अंकुर फुटतात. त्यांतले बहुतेक थेट मातृवृक्षाच्या गुणांचे असतात आणि सारखे वाढतात. जी रोपे इतरांहून फार उंच किंवा फार खुजी निघतात ती बहुधा संकरातून आलेली असतात, म्हणून काढून टाकायची असतात. म्हणजे वाफ्यात सर्वांत उंच दिसते ते रोप जाणकार माळी निवडत नाही. मुलांना असे उपटून टाकता येत नाही, टाकूही नये. पण पहिल्या वर्षाच्या उंचीवर खुंटाची किंमत करायची नसते, ही जाण या मातीत आहे.

शेंदूरजनाघाटच्या मुलाला शालेय खेळांत पुढे जायचे तर वाट वरुड तालुक्यातून अमरावती जिल्ह्याकडे, तिथून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या विभागाकडे आणि मग राज्याकडे जाते. वरच्या पायरीवर निवडकर्त्याला एकेक मुलगा फार थोडा वेळ दिसतो. त्या थोड्या वेळात गार्ड ओळखायचा तर पाच-पाचांच्या मोठ्या सामन्यापेक्षा अर्ध्या मैदानावरचा तीन-तीनचा खेळ उपयोगी पडतो. चेंडू प्रत्येकाच्या हाती वारंवार येतो, लपायला जागा नसते. हाच खेळ टोकियोत ऑलिम्पिकमध्येही दाखल झाला. दर डावाला साथीदार बदलावेत, म्हणजे ओळखीच्या मित्रालाच पास देणारा लगेच कळतो. वहीत गुणांऐवजी तीन गोष्टींच्या खुणा कराव्यात: मोकळा साथीदार दिसला आणि पास दिला, मोकळा होता पण दिसलाच नाही, दिसला, पण पास चुकला. यांतला तिसरा मुलगा सर्वांत आशादायक. त्याची नजर तयार आहे, कमी आहे ती हाताची, आणि हात सरावाने बसतो. आजच्या बऱ्याच निवडींत हाच मुलगा चेंडू घालवणारा म्हणून बाद होतो.

घडणीचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी ड्रिबल बंद ठेवून नुसत्या पासचा खेळ, नेस्मिथच्या पहिल्या सामन्यासारखा. चेंडू झेलण्याआधी मान वळवून मैदान पाहण्याची सवय इथे लागते. मग ड्रिबल, पण नजर चेंडूवर नको. प्रशिक्षक समोर उभा राहून बोटे दाखवतो आणि मुलाने ड्रिबल न थांबवता आकडा सांगायचा. डावा हात उजव्याइतकाच चालला पाहिजे, नाहीतर बचावपटू अर्धे मैदान आपोआप बंद करतो. लहान मुलांना पाच नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरवरचे रिंग द्यावे. मोठ्या चेंडूशी झगडणाऱ्या मुलाची मान वर होत नाही. त्यानंतर एकाविरुद्ध दोन आणि दोघांविरुद्ध तीन असे खेळ. बचावपटू चेंडूकडे सरकला तर पास, नाही सरकला तर स्वतः आत, एवढा एकच निर्णय शेकडो वेळा घ्यायला लावायचा. तो पक्का झाल्यावरच साथीदाराच्या आडोशाने बचावपटूला अडकवायची चाल शिकवावी. यात गार्डला दोन बचावपटूंच्या पायांवरून चार वाटांतली एक निवडावी लागते. सामन्यातली प्रगती मोजायची तर गोल होणारे पास आणि गमावलेले चेंडू यांचे गुणोत्तर पाहतात. एका चुकीमागे दोन यशस्वी पास हे चांगल्या गार्डचे प्रमाण मानले जाते. शिकाऊ खेळाडूकडून मात्र पहिल्या वर्षी ही अपेक्षा धरू नये, नाहीतर तो चुकायच्या भीतीने सोपा पासच देत राहतो.

या साऱ्या सरावाच्या आधीची पायरी वऱ्हाडातल्या शाळांत आजही आहे. खो-खो खेळणाऱ्या नऊ जणांत ऐन वेळी बाजू बदलून खो देणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच. बास्केटबॉलचा गार्ड शोधणाऱ्या प्रशिक्षकाने टेप पिशवीत ठेवून आधी एक तास त्या मैदानाच्या कडेला उभे राहावे. शेंदूरजनाघाटपासून अमरावतीपर्यंत कुठल्याही गावात हे मैदान आखायला पोतंभर चुना आणि दोन खांब पुरतात.